अंतराळात दगडाची झडती : लेझर आणि मास स्पेक्ट्रोमीटर

पदार्थातले अणू सुटे करायचे, त्यांना विद्युतभार द्यायचा आणि वजनाप्रमाणे वेगळे करून मोजायचे, हे काम करणारे यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, अर्थात द्रव्यमान वर्णपटमापक. नमुना वायुरूप असेल तर ते फारसे अवघड नसते. वायू आत घेतला, त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला की आयन तयार होतात आणि पुढची मोजणी सुरू होते. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चांद्रयान-१ वरून चंद्रावर सोडलेल्या आघात-कुपीत ‘चेस’ नावाचे असेच उपकरण होते. खाली पडतापडता त्याने चंद्राभोवतीचा अतिविरळ वायू मोजला. मंगळयानावरचे ‘मेन्का’ याच जातीचे. दगड मात्र असा आपणहून यंत्रात शिरत नाही. त्याचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. ते सोडवण्यासाठी पृथ्वीवर जो खटाटोप करावा लागतो, तो एखाद्या लहान रोव्हरवर करता येईल का, हा ग्रहविज्ञानातला जुना प्रश्न आहे. लेझरवर चालणारा छोटा मास स्पेक्ट्रोमीटर हे त्याचे सर्वांत आटोपशीर उत्तर ठरत आहे.

खटाटोप म्हणजे नेमके काय, हे धाराशिव जिल्ह्यातल्या काळ्या पाषाणावरून समजून घेता येते. बालाघाटच्या डोंगररांगा, त्यांत कोरलेली धाराशिव लेणी, नळदुर्गचा किल्ला, हे सारे दख्खनच्या लाव्हाच्या थरांवर उभे आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांत हे थर एकावर एक साचत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूरबरोबर उमरगा आणि लोहारा हा भागही उद्ध्वस्त केला. त्यानंतर जिल्ह्याच्या सीमेलगत किल्लारी येथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली आणि त्याखाली प्राचीन ग्रॅनाइटी पाया लागला. सह्याद्रीत हीच रास किलोमीटरभराहून अधिक जाड आहे. थर दिसायला बहुतेक सारखेच असतात. काळा, बारीक कणांचा, कुठे पोकळ्यांत पांढऱ्या झिओलाइटचे खडे असलेला दगड. भूवैज्ञानिकांनी मात्र त्यांना इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावे देऊन वेगळे ओळखले आहे, आणि ही ओळख मुख्यतः रासायनिक आहे. सिलिका सगळ्यांत पन्नास टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे तिचा फारसा उपयोग होत नाही. भेद कळतो तो बेरियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम अशा अल्पांशी मूलद्रव्यांवरून. त्यांचे प्रमाण दर दहा लाख भागांत जेमतेम शे-दोनशेच्या घरात असते. स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ या समस्थानिकांचे गुणोत्तर तर आणखी बोलके आहे. आंबेनळी थरात ते साधारण ०.७०४ असते, बुशे थरात ०.७१३ च्या वर जाते. बुशेचा लाव्हा वर येताना खंडीय कवचातले खडक विरघळवत आला, याची ही खूण आहे.

हे आकडे मिळवण्यासाठी प्रयोगशाळेत दगड फोडतात, दळतात, हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवतात आणि द्रावण पातळ करून आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापमानाच्या ज्योतीत फवारतात. ज्योतीला किलोवॉटहून अधिक वीज लागते, मिनिटाला पंधरा-एक लिटर आर्गॉन लागतो, निर्वात पंप अखंड चालू ठेवावे लागतात. समस्थानिकांसाठी तर स्ट्रॉन्शियम आधी रासायनिक रीतीने वेगळे काढून घ्यावे लागते. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरचे सगळे वजन २६ किलो होते. आम्लाच्या बाटल्या आणि आर्गॉनच्या टाक्या तिथे नेण्याचा विचारही संभवत नाही. थोडक्यात, या यंत्रणेचा सगळा बोजा मोजणाऱ्या भागात नसून नमुना तयार करण्याच्या भागात आहे. लेझर नेमका तोच बोजा उतरवतो.

लेझरचा एक अल्पकालीन स्पंद भिंगाने दगडावर केंद्रित केला जातो. समजा स्पंदात केवळ १० मायक्रोज्यूल ऊर्जा आहे. ही ऊर्जा एरवी जाणवणारही नाही इतकी क्षुल्लक. पण ती ५ नॅनोसेकंदांत सोडली तर त्या क्षणापुरती शक्ती २,००० वॉट होते, आणि ती २० मायक्रोमीटर व्यासाच्या ठिपक्यावर गोळा केली तर दर चौरस सेंटिमीटरला ६० कोटी वॉटहून अधिक तीव्रता मिळते. इतक्या माऱ्यात दगड वितळून वाहायला सवडच मिळत नाही. पृष्ठभागाचा पातळ पापुद्रा थेट वाफ होऊन उडतो आणि त्या वाफेचा काही भाग आयनरूप होतो. फोडणे, दळणे, विरघळवणे, बाष्पीभवन, आयनीभवन, सगळे एका स्पंदात उरकते. लेझर फेम्टोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दशलक्ष-अब्जांश भागात मोजायच्या स्पंदांचा असेल तर परिणाम आणखी चांगला येतो. उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच पदार्थ उडून जातो. त्यामुळे लवकर उडणारी आणि उशिरा उडणारी मूलद्रव्ये यांच्यात भेदभाव कमी होतो आणि मोजलेले प्रमाण खऱ्या प्रमाणाच्या जवळ राहते. नॅनोसेकंद लेझरमध्ये प्रत्येक मूलद्रव्यासाठी वेगळा सुधारणा-गुणांक वापरावा लागतो, आणि त्यासाठी माहीत असलेल्या घटनेचे प्रमाण-नमुने सोबत न्यावे लागतात.

अशा माऱ्याने वीस मायक्रोमीटर रुंद आणि एक मायक्रोमीटर खोल खळगा पडला, तर बेसाल्टचा साधारण एक अब्जांश ग्रॅम भाग निघून जातो. एवढ्याशा कणातही सुमारे २७ लाख कोटी अणू असतात. दर दहा लाखांत एक असे प्रमाण असलेल्या मूलद्रव्याचे त्यांत पावणेतीन कोटी अणू येतात. यातले फार थोडे आयन बनतात आणि त्यांतलेही थोडेच शोधकापर्यंत पोचतात. तरी एकेक आयन टिपू शकणाऱ्या शोधकाला ते पुरतात, आणि एकाच जागी हजारो स्पंद मारून त्यांची बेरीज केली की अल्पांशी मूलद्रव्येही स्पष्ट दिसू लागतात.

आयन तयार झाले की त्यांची वर्गवारी करायची. लहान उपकरणांत यासाठी बहुधा उड्डाणकाल पद्धत वापरतात, कारण तिला जड चुंबक लागत नाही. सगळ्या आयनांना सारख्याच व्होल्टेजने ढकलले तर सगळ्यांना सारखीच ऊर्जा मिळते, पण हलके वेगाने जातात आणि जड मागे पडतात. १,००० व्होल्टने ढकललेला लोह-५६ चा आयन सेकंदाला सुमारे ५९ किलोमीटर वेगाने निघतो आणि ३० सेंटिमीटरचे अंतर ५.११ मायक्रोसेकंदांत कापतो. ऑक्सिजन-१६ ला २.७३ मायक्रोसेकंद पुरतात, शिसे-२०८ ला ९.८५ लागतात. म्हणजे आवर्त सारणीतले जवळजवळ सगळे काही दहा मायक्रोसेकंदांत येऊन जाते, तेही एकाच स्पंदातून, कोणते मूलद्रव्य शोधायचे हे आधी न ठरवता. लोह-५६ आणि लोह-५७ यांच्या येण्यात मात्र फक्त ४५ नॅनोसेकंदांचा फरक असतो. समस्थानिक वेगळे दिसायचे तर इलेक्ट्रॉनिक्स तेवढे चपळ हवे.

अडचण अशी, की लेझरने उडवलेले आयन आधीच कमीजास्त वेगाने सुटलेले असतात. एकाच वजनाचे आयन मग पुढेमागे पोचतात आणि आलेखावरची त्यांची शिखरे एकमेकांत मिसळतात. यावरचा उपाय सोव्हिएत शास्त्रज्ञ बोरिस मामिरिन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधला. त्याला रिफ्लेक्ट्रॉन म्हणतात. आयन ज्या नळीतून उडतात तिच्या टोकाला उलट दिशेचे विद्युतक्षेत्र ठेवतात, आणि आयन त्यात शिरून परत फिरतात. चढावर फेकलेला चेंडू जोरात असेल तर जास्त वर जातो आणि परत यायला जास्त वेळ घेतो, तसे इथे होते. वेगवान आयन खोलवर शिरतात, मंद आयन लवकर वळतात आणि दोघे शोधकावर जवळजवळ एकाच वेळी पोचतात. शिवाय नळी दुहेरी वापरली गेल्याने तिची लांबीही कमी होते. एकाच युक्तीने नेमकेपणाही वाढला आणि आकारही घटला, असे उपकरणांच्या इतिहासात क्वचितच घडते.

स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाने या तत्त्वावर बनवलेला विश्लेषक सुमारे १२ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्याचे पहिले सविस्तर वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तो मुळात बुध ग्रहावर उतरणाऱ्या यानासाठी आखला होता. बेपीकोलंबो मोहिमेतून तो उतरणारा भागच पुढे वगळला गेला, पण उपकरणावरचे काम थांबले नाही. याच गटाने सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वीच्या गनफ्लिंट चर्ट या कॅनडातील खडकातले सूक्ष्मजीवांचे अवशेष तपासले. काही मायक्रोमीटरच्या तंतूवर नेम धरून त्यातले कार्बनसारखे घटक भोवतीच्या खडकापासून वेगळे दाखवता आले. सबंध दगड दळून केलेल्या विश्लेषणात असा तंतू सरासरीत हरवून गेला असता. दख्खनच्या बेसाल्टमधली झिओलाइटने भरलेली पोकळी असो किंवा लोणारच्या १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराभोवती सापडणारे काचेचे सूक्ष्म गोलक असोत, जिथे गोष्ट कणाकणाने बदलते तिथे या पद्धतीचे खरे सामर्थ्य दिसते. एकाच जागी स्पंदामागून स्पंद मारत गेले तर खोलीप्रमाणे घटना कशी बदलते तेही कळते. हवामानाने गंजलेला बाहेरचा थर आणि आतला ताजा दगड असे वेगवेगळे वाचता येतात.

मर्यादाही आहेत, आणि त्या बारीकसारीक नाहीत. लोह-५६ च्याच जागी कॅल्शियम-४० आणि ऑक्सिजन-१६ यांची जोडीही येऊन बसते. दोन सिलिकॉन-२८ एकत्र आले तरी बेरीज ५६ च. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि लोह चारही भरपूर, त्यामुळे हा गोंधळ काल्पनिक नाही. यांची वजने तंतोतंत सारखी नसतात, पण फरक ओळखायला अडीच-तीन हजारांची विभेदनक्षमता लागते, आणि अगदी लहान उपकरणांची क्षमता बऱ्याचदा त्याहून कमी भरते. मग लोह-५४ किंवा लोह-५७ वरून हिशोब करावा लागतो. रुबिडियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८७ यांची गाठ तर याहून अवघड. त्यांच्या वजनातला फरक इतका नगण्य आहे की छोट्या उपकरणाला तो दिसूच शकत नाही. आणि नेमकी हीच जोडी खडकाचे वय सांगते, कारण सुमारे पाच हजार कोटी वर्षांच्या अर्धायुष्याने रुबिडियम-८७ चे स्ट्रॉन्शियम-८७ बनत असते. अमेरिकेच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये यावर वेगळा मार्ग विकसित होत आहे. उडालेल्या वाफेवर ठरावीक रंगाचे दुसरे लेझर सोडायचे आणि आधी केवळ स्ट्रॉन्शियमला, मग केवळ रुबिडियमला आयनरूप द्यायचे. तो यशस्वी झाला तर चंद्रावरच्या खडकाचे वय चंद्रावरच काढता येईल. मात्र त्यासाठी एकाऐवजी अनेक लेझर लागतात आणि ‘छोटे’ हे विशेषण टिकवणे कठीण होते.

लेझरने दगडाचे आयन करून मोजण्याची कल्पना अंतराळात प्रथम नेली ती सोव्हिएत संघाने, आणि ती फारच धाडसी होती. जुलै १९८८ मध्ये मंगळाच्या फोबॉस या चंद्राकडे दोन याने निघाली. पृष्ठभागापासून सुमारे ५० मीटरवर तरंगत लेझर मारायचा आणि उडालेले आयन निर्वात पोकळीतून थेट यानातल्या उपकरणापर्यंत येऊ द्यायचे, अशी ‘लिमा-डी’ची योजना होती. म्हणजे मधली पोकळी हीच उड्डाणनळी. चुकीच्या आज्ञेमुळे पहिल्या यानाशी सप्टेंबर १९८८ मध्ये संपर्क तुटला, दुसऱ्याशी मार्च १९८९ मध्ये, त्या जवळिकीच्या तोंडावर. त्याआधी १९८६ मध्ये हॅले धूमकेतूपाशी गेलेल्या व्हेगा आणि जॉटो यानांनी लेझरशिवायच घन कणांचे आयन मिळवले होते. सेकंदाला सत्तर-एक किलोमीटर वेगाने येऊन आदळणारी धूळ स्वतःच आयनरूप होत होती. तो वेग उतरलेल्या यानाला मिळणे शक्य नाही, म्हणून लेझर.

पुढची कथा अपयशांचीच आहे. २०११ मध्ये निघालेल्या फोबॉस-ग्रुंट यानावर ‘लाझ्मा’ हा लेझर मास स्पेक्ट्रोमीटर होता. यान पृथ्वीभोवतीच अडकले आणि जानेवारी २०१२ मध्ये समुद्रात कोसळले. त्याचाच वारस ‘लाझ्मा-एलआर’ लूना-२५ वर बसवला गेला. ते यान १९ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर आदळले. चारच दिवसांनी चांद्रयान-३ त्याच दक्षिण ध्रुवीय प्रदेशाकडच्या भागात अलगद उतरले. बर्नचे उपकरणही आता नासाच्या खासगी लँडरांच्या कार्यक्रमातून चंद्राच्या मातीसाठी तयार होत आहे. चंद्राची एक मोठी सोय अशी, की तिथे निर्वात पंपाची गरज नाही. पोकळी आयती मिळते. त्रास धुळीचा. टोकदार, विद्युतभारित धूळ भिंगावर बसली की ठिपक्याची तीव्रता घटते आणि सगळे गणित बिघडते.

प्रज्ञानवरही लेझर होता, पण तो दुसऱ्या पद्धतीचा. बंगळुरूच्या प्रयोगशाळेत बनलेल्या ‘लिब्ज’ या उपकरणाने चंद्राच्या मातीवर स्पंद मारले आणि उडालेल्या तप्त वाफेचा प्रकाश वाचला. ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, टायटॅनियम, मँगनीज यांच्याबरोबर गंधकाची खात्रीशीर नोंद झाल्याचे २८ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झाले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे क्ष-किरण उपकरण त्याच्या जोडीला होते, आणि रोव्हरने कापलेल्या सुमारे शंभर मीटरच्या वाटेवर त्याने २३ ठिकाणी मोजमापे घेतली. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स या मंगळावरच्या रोव्हरांतही प्रकाश वाचणारेच लेझर आहेत. ही पद्धत कणखर आहे, काही मीटरवरून चालते आणि आयन गोळा करण्याची यातायात तिच्यात नाही. पण समस्थानिक वेगळे करणे तिला जवळजवळ अशक्य असते आणि अतिअल्प प्रमाणातली मूलद्रव्ये तिच्या हातून निसटतात. आंबेनळी आणि बुशे यांतला फरक प्रकाशावरून ओळखणे अवघड. आयन मोजूनच तो पक्का होतो.

लेझर सौम्य ठेवला तर तो अणूंऐवजी अख्खे रेणू उचलतो, आणि तिथे जीवसृष्टीच्या शोधाचा संबंध येतो. १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाची माती तापवून सेंद्रिय पदार्थ शोधले, हाती विशेष काही लागले नाही. २००८ मध्ये फीनिक्स यानाला मातीत परक्लोरेट सापडले. तापवल्यावर हे क्षार ऑक्सिजन सोडतात आणि सेंद्रिय रेणू जाळून टाकतात, त्यामुळे जुन्या निष्कर्षांकडे पुन्हा पाहावे लागले. अतिनील लेझरचा नॅनोसेकंदी स्पंद रेणूंना जळायला वेळच देत नाही. युरोपच्या रोझलिंड फ्रँकलिन रोव्हरवरील ‘मोमा’ या उपकरणात म्हणूनच भट्टीसोबत २६६ नॅनोमीटरचा लेझर आहे. हा रोव्हर दोन मीटर खोलीवरून नमुना काढणार आहे. त्याचे प्रक्षेपण २०२८ मध्ये ठरले आहे, आणि शनीच्या टायटन या चंद्राकडे निघणारे ड्रॅगनफ्लायही त्याच वर्षी लेझर मास स्पेक्ट्रोमीटर घेऊन जाणार आहे. मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. प्रयोगशाळेतला सुमारे १८० किलोचा ऑर्बिट्रॅप प्रकारचा विश्लेषक त्यांनी लेझरसकट साधारण आठ किलोंत बसवला. त्याची विभेदनक्षमता एक लाखाच्या वर आहे. कॅल्शियम ऑक्साइड आणि लोहाचा घोळ त्याच्यापुढे उरतच नाही.

या तंत्राचे पृथ्वीवरचे भावंड पुरातत्त्वात रुळले आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे रोमशी व्यापार असलेले नगर, आणि तिथल्या उत्खननांत काचेचे मणी निघाले आहेत. लेझरने मण्यावर केसाएवढ्या रुंदीचा खळगा पाडून उडालेली वाफ आर्गॉन ज्योतीच्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नेली की काचेची जात कळते. भारतीय सोडा काचेत ॲल्युमिना जास्त असते, भूमध्य समुद्राकडच्या काचेत कमी. युरेनियम, बेरियम, झिर्कोनियम यांवरून भारतीय काचेचेही उपप्रकार पडतात. अशा मण्यांसाठी ही पद्धत जगभर वापरली जाते, कारण मणी फोडावा लागत नाही.

भारताकडे या उपकरणाचे दोन्ही अर्धे भाग अंतराळात सिद्ध झालेले आहेत. लिब्जचा लेझर चंद्राच्या मातीवर चालला, आणि चेस, मेन्का व चांद्रयान-२ वरील चेस-२ हे मास स्पेक्ट्रोमीटर कक्षेत किंवा कक्षेतून खाली येताना चालले. अणुऊर्जा कार्यक्रमासाठी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने मास स्पेक्ट्रोमीटर देशात बनवले आहेत. जपानबरोबरच्या नियोजित चांद्रयान-५ मोहिमेच्या रोव्हरवर ‘ट्रायटन’ नावाचा रिफ्लेक्ट्रॉन असलेला उड्डाणकाल मास स्पेक्ट्रोमीटर असेल, पण तो माती तापवून निघालेल्या वायूत पाणी शोधणार आहे. चंद्रावरून सुमारे तीन किलो नमुने आणण्याच्या चांद्रयान-४ मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. दगड न तापवता, न विरघळवता जागच्या जागी अणूंच्या वजनाने वाचणारा भारतीय लेझर मास स्पेक्ट्रोमीटर मात्र आजवर कोणत्याही परग्रही पृष्ठभागावर उतरलेला नाही. त्यासाठी लागणारी जोडणी अवघड असली तरी तिचे घटक देशात तयार आहेत.